आधी खोली, मग ड्रोन

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, जळगाव / धुळे / नंदुरबार

सादर नमस्कार.

तिन्ही जिल्ह्यांना एकच पत्र लिहिते आहे, कारण तापीला जिल्हे कळत नाहीत आणि सातपुड्यालाही. मी निवृत्त आरेखक. अमळनेरला राहते. तीस-एकतीस वर्षं विमानातून काढलेले फोटो वाचायचं काम केलं, भूजलासाठी. म्हणजे दोन फोटो शेजारी ठेवायचे, वर स्टिरिओस्कोप मांडायचा, त्यात डोकं घालायचं, आणि खाली जमीन उभी राहिली की पाणी कुठे अडलं असेल ते शोधायचं. मान कायमची दुखते. बाकी नोकरीबद्दल तक्रार नाही.

पत्राला कारण झाली एक हार्ड डिस्क.

मागे एका वादळात केळीच्या पट्ट्यात बागाच्या बागा आडव्या झाल्या. घड भरलेले, कापणीला पंधरा दिवस राहिलेले. माझा भाचा एका तालुक्याच्या कचेरीत कंत्राटावर आहे. तालुका सांगत नाही, त्याचं कंत्राट मला मोडायचं नाही. वादळानंतर तिथे नुकसान टिपायला ड्रोन उडवले होते. दीड महिन्याने भाच्याचा फोन आला, ‘मावशी, तुला फोटोतलं कळतं ना, जरा येऊन जा.’ गेले. टेबलावर एक हार्ड डिस्क, तिला चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं ‘वादळ’. आत सहा हजारांवर फोटो. उडवलं कोणी? एजन्सीने. बघितले कोणी? भाचा गप्प. फोटो कुठला आणि कधीचा हे प्रत्येक फाइलच्या पोटात नोंदलेलं असतं, तसं ते होतंही. पण ते बाहेर काढून गावनकाशावर मांडायचं काम कोणाच्याच नावावर नव्हतं. तोवर तलाठ्यांनी पायी फिरून पंचनामे उरकले होते, शेतकऱ्यांनी पडलेली खोडं तोडून बांधावर टाकली होती, काही ठिकाणी नांगरही फिरला होता. मी चाळीसेक फोटो उघडून पाहिले. एका फोटोत आडव्या बागेत उभा असलेला एक माणूस मान वर करून बघत होता. त्याला वाटलं असणार, सरकार बघतंय.

आता पुरासाठी, वाळूसाठी, वणव्यासाठी, पिकांसाठी सगळीकडेच ड्रोन घ्यायची भाषा ऐकू येते. जरूर घ्या. माझी मागणी एवढीच की ड्रोनच्या आधी फोटो वाचणारी एक कचेरी उभी करा. तिन्ही जिल्ह्यांत मिळून एक असली तरी चालेल.

एक ढोबळ हिशोब मांडते. हिरव्या क्षेत्रात, म्हणजे वेगळी परवानगी लागत नाही अशा भागात, ड्रोनला १२० मीटरपर्यंत उडता येतं. तेवढ्या उंचीवरून साधारण कॅमेऱ्याच्या एका फोटोत दोनेक हेक्टर जमीन मावते. पण फोटो एकमेकांवर चांगले चढवून काढावे लागतात, नाहीतर ते जुळत नाहीत. चढ वजा केला तर एका फोटोची नवी कमाई वीस गुंठेही धड नाही. हजार हेक्टरच्या शिवाराला पाच हजारांवर फोटो होतात. प्रत्येकाला एक मिनिट दिलं तर एका माणसाचे दहा-अकरा दिवस जातात, आणि हे एकाच गावाचं झालं. भाचा म्हणाला, ‘मावशी, सॉफ्टवेअर सगळे जोडून एकच मोठा फोटो करून देतं.’ मी म्हटलं, बरं, आणि तो मोठा फोटो कोण बघतं?

ही अडचण आपली एकट्याची नाही. वरून फोटो काढणाऱ्या प्रत्येक सरकारपुढे ती आली, आणि सगळ्यात आधी ती लष्करांनी सोडवली, कारण त्यांच्याकडे उशिराची किंमत माणसांच्या जिवात मोजतात.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी टेम्सकाठच्या मेडमनहॅम गावाजवळ, डेन्सफील्ड हाउस नावाच्या एका हवेलीत, १९४१ साली फोटो वाचण्याचं मध्यवर्ती कार्यालय थाटलं. तिथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कामाच्या तीन पायऱ्या. पहिली पायरी विमानतळावरच, विमान उतरल्यावर काही तासांत: आत्ता काय हललं, कुठली जहाजं बंदरात आहेत, कुठली नाहीत. दुसरी चोवीस तासांच्या आत: त्या दिवसाचे सगळे फोटो एकत्र ठेवून काय बदललं. आणि तिसरी सावकाश. तिथे वेगवेगळ्या विषयांचे जाणकार एकेक विषय धरून महिनोन् महिने बसत. कोणाकडे विमानं, कोणाकडे रेल्वे, कोणाकडे कारखाने.

हे आपल्या हतनूरला लावून बघा. धरणाचे ४१ दरवाजे उघडायची वेळ आली की खालच्या गावांना पहिल्या तीन तासांत एवढंच हवं असतं की कुठला पूल बुडाला, कुठला रस्ता चालू आहे, कोण कुठे अडकलं. त्या वेळी पिकाच्या नुकसानीचा तक्ता कोणी मागत नाही. दुसऱ्या दिवशी हवं, कुठल्या गटांत पाणी अजून उभं आहे. आणि पावसाळा सरल्यावर कोणीतरी निवांत बसून बघायला हवं की नदीने काठ कुठे खाल्ला, गाळ कुठे टाकला, पुढच्या वर्षी कुठली वस्ती धोक्यात येईल. आपल्याकडे या तिन्ही कामांचं ओझं एकाच हार्ड डिस्कवर आणि एकाच कंत्राटी पोरावर पडतं, आणि मग एकही होत नाही.

मेडमनहॅमच्या विमानांच्या टेबलाची प्रमुख एक बाई होती, कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ. १९४३ च्या हिवाळ्यात जर्मनीच्या पेनेमुंडे तळाच्या फोटोत तिला एका उतरत्या रुळावर पंख असलेला अगदी बारका ठिपका दिसला. लंडनवर पुढे जे उडते बॉम्ब पडले त्यांच्याच जातीचा तो. तिथली ही बांधकामं आधी कोणीतरी गाळ उपसायची यंत्रं म्हणून बाजूला सारली होती. जे फोटो पुन्हा काढून पाहायचे, ते जपून, क्रमांक घालून, हाताशी ठेवलेले होते म्हणूनच ते पुन्हा पाहता आले. तिथे बायका पुष्कळ होत्या हेही जाता जाता सांगते. आमच्या कचेरीत मी एकटी होते आणि सुरुवातीची दोन वर्षं मला नुसत्या पेन्सिली तासायला दिल्या होत्या.

अमेरिकेची गोष्ट मात्र थेट तुमच्या टेबलावरच्या फाइलला लागू आहे. यू-२ हे टेहळणीचं विमान कागदावरच होतं तेव्हा, १९५४ च्या अखेरीस, त्यांनी आर्थर लुंडाल या माणसाला फोटो वाचणाऱ्यांची तुकडी जमवायला सांगितलं. हा गृहस्थ मुळात भूगर्भशास्त्राचा, म्हणून मला जरा जवळचा वाटतो. रशियावरून त्या विमानाचं पहिलं उड्डाण झालं ४ जुलै १९५६ ला. म्हणजे फोटो यायच्या दीड वर्ष आधी ते वाचणारे शोधायला सुरुवात झाली होती. जागा कसली दिली? वॉशिंग्टनच्या गरीब वस्तीतली एक इमारत, खाली फोर्डच्या मोटारींची शोरूम, वरच्या मजल्यांवर ही मंडळी. गाड्या लावायला जागा नाही, उन्हाळ्यात घामाच्या धारा. जगातली सगळ्यात गुप्त कचेरी मोटारीच्या दुकानावर चालत होती, आणि वर्षानुवर्षं चालली. १९६१ च्या जानेवारीत अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पद सोडता सोडता तिला राष्ट्रीय केंद्राचा दर्जा दिला. तेव्हा इमारत नाही, फर्निचर नाही, असं तुमचे अधिकारी म्हणू लागले तर त्यांना ही गोष्ट सांगा. जुन्या पंचायत समितीच्या दोन खोल्या मला चालतील. वीज न जाणाऱ्या हव्यात.

१४ ऑक्टोबर १९६२, रविवार. एका यू-२ ने क्युबावरून जाताना सहा-सात मिनिटांत ९२८ फोटो काढले. सोमवारी ते त्या शोरूमवरच्या मजल्यांवर पोचले, संध्याकाळपर्यंत वाचणाऱ्यांनी रशियाची क्षेपणास्त्रं ओळखली, मंगळवारी सकाळी लुंडाल फोटो घेऊन अध्यक्ष केनेडींसमोर उभे. केनेडींच्या भावाने, तो त्यांच्या मंत्रिमंडळातही होता, पुढे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की आपल्याला तर शेतासाठी जागा साफ केल्यासारखं, किंवा घराचा पाया खणल्यासारखं दिसलं होतं. मला हे फार मोलाचं वाटतं. मंत्र्याला शेत दिसलं, वाचणाऱ्याला क्षेपणास्त्र दिसलं, फोटो तोच. आणि वाचणाऱ्याला ते दिसलं ते काही दिव्यदृष्टीने नाही. मॉस्कोच्या परेडमध्ये काढलेले क्षेपणास्त्रांचे फोटो त्यांनी फाइलला लावून ठेवले होते, त्यांची लांबी मोजलेली होती, एका रशियन अधिकाऱ्याने पुरवलेली माहितीपुस्तकं हाताशी होती. समोरचा लांबुडका आकार मोजला, फाइलमधल्याशी जुळवला. सगळी जादू त्या कपाटात होती.

म्हणून कचेरीत पहिली खरेदी कसली करायची असं कोणी विचारलं तर मी कपाट सांगेन. आता कपाट संगणकातलं असेल, हरकत नाही. पण त्यात आपल्या मुलखातल्या प्रत्येक गोष्टीचा नमुना हवा. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली केळीची मृगबाग वरून तिसऱ्या महिन्यात कशी दिसते, नवव्यात कशी. पावसाळा सरताना लावलेली केळीचीच कांदेबाग कशी. शहाद्याकडची पपई केळीपासून कशी ओळखायची. वादळाने पडलेली बाग आणि घड कापून मुद्दाम पाडलेली बाग यांत फरक काय. कारण भरपाईच्या वेळी हा प्रश्न येणारच, तुम्हीही जाणता आणि शेतकरीही. वाऱ्याने पडलेली खोडं बहुतेक एका दिशेला झोपतात, विळ्याने पाडलेली वाट्टेल तशी. हे मला कोणत्या पुस्तकाने सांगितलेलं नाही, यावलकडे एका बांधावर चहा पिताना एका मजुराने सांगितलं.

१९७० मध्ये क्युबाच्याच सिएनफ्वेगोस बंदराजवळ फुटबॉलची मैदानं दिसली, त्यावरून अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी रशियन आल्याचा निष्कर्ष काढला, कारण क्युबाची माणसं बेसबॉल खेळतात. फुटबॉल क्युबातही खेळतातच म्हणा. पण मुद्दा कळतो: लोकांची रीत ज्याला ठाऊक नाही त्याला मैदान हे नुसतं मैदान दिसतं.

माझी फजिती याच जातीची. नोकरीच्या सुरुवातीला नंदुरबार भागातले काळेपांढरे फोटो माझ्याकडे आले. शहराबाहेरच्या फिकट माळावर करड्या रंगाचे मोठे मोठे चौकोन, कडा सरळ, मध्ये माणसांना चालण्यापुरत्या वाटा. मी काँक्रीटचे ओटे म्हणून नोंद केली, वर ‘बहुधा कारखाना’ असंही लिहिलं. पडताळणीला जीपमधून गेलो. हिवाळा होता. जीपमधून उतरायच्या आधीच शिंका सुरू झाल्या. तिथल्या एका बाईने माझ्या हातातला फोटो उलटसुलट करून बघितला आणि हसून म्हणाली, ‘बाई, ह्या मिरचीन्या पथाऱ्या शेतस.’ म्हणजे वाळायला पसरलेली मिरची. नंदुरबारचं पोर सांगेल ते मी तीन दिवस भिंगातून बघून चुकले. साहेबांनी अहवाल फाडला आणि मला नवा लिहायला लावला, पण तो फोटो मी मागून घेतला. अजून माझ्याकडे आहे.

दुसरी फजिती तर शिकाऊ माणसाची ठरलेली. डेहराडूनला १९६६ साली डच मदतीने फोटो वाचायला शिकवणारी संस्था निघाली, आज ती आय.आय.आर.एस. म्हणून ओळखली जाते. तिथे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की फोटो टेबलावर असा ठेवायचा की सावल्या आपल्या अंगाकडे पडतील. आपल्याकडे सावली बहुतेक उत्तरेला पडते. नकाशाच्या सवयीने उत्तर वर करून फोटो ठेवला की सावली पलीकडे जाते आणि डोळा फसतो. नाल्याचा डोंगर होतो, डोंगराचा नाला. मला सांगितलेलं असूनही साक्री तालुक्यातला एक नाला मी डोंगराची धार समजून रंगवला होता. आज ड्रोनचे जोडलेले फोटो संगणकावर उत्तर वर करूनच उघडतात. किती नाल्यांचे डोंगर झाले असतील कोण जाणे.

साक्रीचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर करते, माझं सगळं आयुष्य त्यात गेलं. धुळे-नंदुरबारच्या जमिनीत काळ्या दगडाच्या उभ्या भिंती आहेत, पूर्व-पश्चिम धावणाऱ्या. भूगर्भवाले त्यांना डाईक म्हणतात. एखादी तर ७० किलोमीटरहून लांब. रस्त्याने जाताना तुम्हाला नुसती टेकडीची रांग वाटते. फोटोत मात्र कोणीतरी पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखी दिसते. ही भिंत जमिनीखालचं पाणी कुठे अडवते, कुठे तडकलेली असेल तर वाटही देते. भिंतीच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, असं डोळ्यांनी पाहिलं आहे. फोटो वाचल्यावर विहीर कुठे खणू नये एवढं तरी सांगता येतं, आणि हजार फूट कोरडं बोअर मारून कर्जात बुडण्यापेक्षा ते काही कमी नाही.

आपल्या देशातलं उदाहरण जरा कडू आहे. वायुसेनेच्या १०६ स्क्वाड्रनचे वैमानिक जगमोहन नाथ यांनी १९६० ते १९६२ या काळात कॅनबेरा विमानातून तिबेट आणि अक्साई चीनवरून जाऊन फोटो आणले. दोनदा महावीर चक्र मिळालेला माणूस. पुढे मुलाखतींत ते सांगत राहिले की चीनची जमवाजमव फोटोंत दिसत होती आणि वर ती कोणी मनावर घेतली नाही. १९६२ चं युद्ध आपण कसं लढलो ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर, १९६३ मध्ये, एव्हिएशन रिसर्च सेंटर नावाची हवाई टेहळणीची वेगळी संस्था उभी राहिली. आधी मार खाल्ला, मग कचेरी काढली. आपण तापीच्या एखाद्या मोठ्या पुराची वाट बघायची का, एवढंच विचारते.

कोणी म्हणेल, बाई युद्धाच्या गोष्टी सांगते, आमचा विषय केळी. तर युद्धातली एक युक्ती केळीच्याच कामाची आहे. महायुद्धात एक खास फिल्म निघाली जी डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपायची. तोफांवर तोडलेल्या फांद्या टाकून त्या लपवत, तर या फिल्मवर जिवंत पानं लालभडक येत आणि तोडलेली फिकी पडत, लपवाछपवी उघडी. तीच युक्ती १९७० मध्ये शास्त्रज्ञ प्रा. पिशारोटी यांनी केरळात नारळावर लावली. हेलिकॉप्टरमधून फोटो काढले आणि झाडांचा मूळकूज-मर रोग वरून ओळखला. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात अशी नारळाच्या बागेतून झाली. आपल्या रावेर-यावलच्या बागांवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग येतो तेव्हा शेतकरी झाडं उपटून फेकतो. रोग पसरतो कुठून कुठे, आधी कुठल्या कोपऱ्यात दिसतो, हे वरून बघणाऱ्याला लवकर कळू शकतं. अट एकच, बघणाऱ्याने बागेत पाय ठेवलेला हवा.

म्हणून माणसं निवडताना पदवीपुरतं बघू नका. संगणकवाली दोन मुलं लागतील, ती मिळतील. त्यांच्याबरोबर एक निवृत्त तलाठी बसवा, ज्याला गट नंबर तोंडपाठ आहेत. भूमी अभिलेखमधला एक भूकरमापक. एक कृषी सहायक. धडगाव-अक्कलकुवा भागातली एखादी पावरा किंवा भिल्ल मुलगी, जिला सातपुड्यातली पायवाट आणि वणव्याची जागा दोन्ही कळतात. आणि या सगळ्यांना आठवड्यातला एक दिवस सक्तीने शिवारात पाठवा, फोटो हातात घेऊन. जीपला डिझेल मंजूर करा. आमच्या काळी फोटो वाचण्याचे पैसे मिळायचे, पडताळणीच्या डिझेलचे अडायचे.

संगणक आता स्वतःच ओळखतो, कृत्रिम बुद्धिमत्ता सगळं करते, असं मला परवाच एका तरुणाने सांगितलं. करू दे की. पाच हजार फोटोंतले बघण्यासारखे दोनशे त्याने काढून दिले तर माझ्या मानेवर उपकार. पण त्याला पथारी म्हणजे काय हे आधी कोणीतरी दाखवावं लागेल, आणि तो चुकला तर अहवाल कोणाचा फाडायचा हे ठरवावं लागेल.

आता जरा नाजूक मुद्दा. अशी कचेरी म्हणजे शेवटी टेहळणीची कचेरी. लष्करात ती शत्रूवर नजर ठेवते. इथे खाली आपलीच माणसं आहेत. त्यामुळे वाचणारा आणि कारवाई करणारा एकाच खुर्चीत बसता कामा नये. नदीपात्रात खड्डे दिसले, ट्रॅक्टरची चाकोरी दिसली, एवढं वाचणाऱ्याने लिहावं. वाळू कोणी उपसली हे फोटोत दिसत नाही आणि दंड ठोकायचं काम त्याचं नाही. लिहिताना शब्द मोजून वापरायचे. आम्हाला ‘शक्य’, ‘बहुधा’ आणि ‘खात्रीने’ हे तीन शब्द वेगवेगळ्या पायऱ्यांसाठी दिले होते, आणि ‘खात्रीने’ लिहायला प्रत्यक्ष पडताळणी लागायची. ‘काही आढळले नाही’ हीसुद्धा नोंद करायची, तारखेसकट. पुढच्या वेळी काही आढळलं की तीच नोंद कामाला येते.

वनहक्काच्या दाव्यांत तर हे फारच जपायला हवं. कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही तारीख धरली आहे. त्या आधीपासून जमीन कसत होते का, हा प्रश्न. वरून काढलेल्या फोटोकडे बोट दाखवून ‘इथे तर जंगल आहे’ म्हणणं फार सोपं असतं. पण सातपुड्यातला माणूस शेतातलं मोहाचं झाड तोडत नाही, आंब्याचंही नाही. उतारावरचं अर्ध्या एकराचं शेत डोंगराच्या सावलीत जातं. त्या काळातल्या ढोबळ चित्रात ते सगळं एकसारखं गडद दिसणार. नियमांत २०१२ ला सुधारणा झाली, त्यात स्पष्ट आहे की उपग्रहचित्रं इतर पुराव्यांना जोड देऊ शकतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. आपल्या कचेरीच्या भिंतीवर हे वाक्य मोठ्या अक्षरांत लावा. आणि ज्या गावावरून ड्रोन उडवाल त्या ग्रामसभेला आधी सांगा. मागच्या अंगणात न्हाणी उघडी असते. फोटोत तीही येते.

मी स्वतः काय करू शकते ते लिहून थांबते. मंगळवारी आणि शुक्रवारी मी मोकळी असते. अमळनेरहून भुसावळ किंवा नंदुरबार, कुठेही रेल्वेने येईन. पगार नको, भाडं दिलं तर घेईन. माझा आरशाचा स्टिरिओस्कोप आणेन, त्याच्या एका आरशाला तडा आहे पण चालतो. मिरचीच्या पथाऱ्यांचा फोटोही आणेन. आणि पहिल्या दिवशी, कुठल्या तालुक्याची ते न विचारता, भाच्याच्या टेबलावरची ती हार्ड डिस्क मागवून घ्या. मी पाहिलेले चाळीसेक सोडले तर तिच्यातले फोटो अजून कोणी पाहिलेले नाहीत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरेखक
अमळनेर